क्रूझवर बाळासाठी स्विम डायपर: कुठला घ्यायचा, आणि त्याआधी काय विचारायचं

बाळ मांडीवर झोपलंय, आवाज करता येत नाही, पण भाग तर ऐकायचाय, अशा सगळ्यांसाठी हा नेहमीचा लेखी अवतार. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे शंभर वेळा आलेले "म्हणजे" तेवढे गाळलेत.

आजचा प्रश्न न्यू जर्सीहून आलाय. एक ताई लिहितात, "बाळ दहा महिन्यांचं आहे, वजन साडेआठ किलो. जुलैत सासू-सासरे पुण्याहून येतायत. सगळ्यांनी मिळून बेयॉनहून सुटणारी ७ रात्रींची क्रूझ बुक केली आहे. बाळाला पाणी प्रचंड आवडतं, बादलीतून बाहेर काढलं की रडतं. दुकानात स्विम डायपरचे चार-पाच प्रकार दिसले. कुठला घेऊ?"

ताई, डायपरचं सांगतेच. पण त्याआधी मला तुमच्या जहाजाचं नाव हवंय. कारण बऱ्याच जहाजांवर डायपरमधल्या बाळाला मोठ्या पुलात उतरूच देत नाहीत. डायपर कितीही महागाचा असू दे, त्यावर "स्विम" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असू दे, उत्तर "नाही" असंच येतं. आणि हे बहुतेकांना कळतं कधी, तर पहिल्या दिवशी, बाळाला नवा स्विमसूट घालून, टोपी घालून, आजी-आजोबांसकट सगळं लटांबर डेकवर पोचल्यावर.

हा नियम येतो कुठून ते सांगते. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, ज्याला आपण सीडीसी म्हणतो, त्यांचा जहाजांच्या स्वच्छतेसाठी वेगळा कार्यक्रम आहे, व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम. १९७० च्या दशकापासून चालू आहे. १३ किंवा त्याहून जास्त प्रवासी नेणारी आणि परदेशी बंदर करून अमेरिकेच्या बंदरात येणारी जहाजं त्याच्याखाली येतात. म्हणजे बेयॉनहून बहामाजला किंवा बर्म्युडाला जाऊन परत येणारं जहाज आलंच. या कार्यक्रमाच्या नियमपुस्तकात सरळ म्हटलंय, की डायपर घालणारी किंवा टॉयलेटची पूर्ण सवय न झालेली मुलं पुलात, व्हर्लपूलमध्ये, पाण्याच्या खेळात नकोत. अपवाद एकच: खास बाळांसाठी बांधलेली पाण्याची जागा.

ही खास जागा म्हणजे लहान आकाराचा पूल नव्हे हं. तिथे पाणी साठतच नाही. जमिनीतून कारंजी उडतात आणि पाणी लगेच वाहून जातं. हे पाणी दुसऱ्या पुलांच्या पाण्यात मिसळत नाही आणि ते अतिनील किरणांखालून, म्हणजे यूव्हीमधून, फिरवलं जातं. ते कशासाठी, ते पुढे येतंच. तिथे पाटी लावलेली असते, ती नीट वाचण्यासारखी आहे. ही जागा फक्त डायपरमधल्या मुलांसाठी आहे. मोठं माणूस सतत सोबत हवं. आत येण्याआधी स्वच्छ स्विम डायपर घातलेला हवा आणि तो वरचेवर बदला. उलटी, ताप, जुलाब असलेल्या बाळाला आणू नका. डायपर इथे बदलू नका, बदलायची जागा अमुक ठिकाणी आहे. म्हणजे बघा, जिथे बाळाला जाता येतं तिथे स्विम डायपर सक्तीचा आहे, आणि जिथे जाता येत नाही तिथे तो असून उपयोग नाही.

अशी जागा कुठे आहे? रॉयल कॅरिबियनच्या आयकॉन ऑफ द सीजवर 'बेबी बे' आहे. डिस्नीच्या ड्रीम आणि फँटसी या दोन जहाजांवर 'नीमोज रीफ' आहे. पण एकाच कंपनीच्या एका जहाजावर आहे म्हणून दुसऱ्यावर असेलच असं नाही, जुन्या जहाजांवर बऱ्याचदा नसते. कार्निव्हल कंपनी तर स्वच्छ सांगते की टॉयलेटची सवय नसलेल्या मुलांना आमच्या पुलांमध्ये प्रवेश नाही, स्विम डायपर घालूनही नाही. म्हणून कंपनीला ईमेल करताना "बाळाला पुलात चालेल का?" असं मोघम विचारू नका. जहाजाचं नाव आणि प्रवासाची तारीख लिहून विचारा, "स्विम डायपरमधल्या बाळासाठी वेगळी पाण्याची जागा या जहाजावर आहे का, कुठल्या डेकवर, आणि त्या तारखांना ती चालू असेल का?" उत्तर लेखी घ्या. एजंटनं फोनवर "हो हो, किड्स पूल आहे ना" म्हणणं धरू नका. किड्स पूल वेगळा, बाळांची जागा वेगळी. किड्स पुलातही डायपर चालत नाही.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं काय, सिंगापूरच्या क्रूझचं काय, असं आपल्याकडचे श्रोते विचारतील. अमेरिकेच्या बंदरात न जाणाऱ्या जहाजाला सीडीसीचा हा नियम लागू होत नाही. तिथे कंपनीचा स्वतःचा नियम काय, ते विचारावं लागतं. आणि हो, जाता जाता वयाचंही बघा. पुष्कळ कंपन्या ६ महिन्यांखालचं बाळ जहाजावर घेत नाहीत, महासागर ओलांडणाऱ्या लांब प्रवासाला १२ महिने लागतात. वय जहाज सुटतं त्या दिवसाचं धरतात. ताईंचं बाळ दहा महिन्यांचं आहे, त्यामुळे या क्रूझला त्यांना काळजी नाही.

डायपर एवढा चांगला असतो, मग अडवतात कशाला?

हे समजायला डायपरच्या पोटात काय आहे ते बघू. रोजच्या डायपरमध्ये कापसासारख्या थरात एक पावडर असते, सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट. शू झाली की ती पाणी ओढून घेते आणि जेली होते. तिला शू आणि पुलाचं पाणी यातला फरक कळत नाही. बाळ पाण्यात बसलं की ती पूलच प्यायला लागते. दोन मिनिटांत डायपर कलिंगडाएवढा होतो, कमरेखाली लोंबतो आणि फाटला तर ती जेली पाण्यात सुटते. म्हणून रोजचा डायपर पाण्यात कधीच नाही.

स्विम डायपरमध्ये ही पावडर जवळजवळ नसते. तो पाणी ओढत नाही, फुगत नाही. पण मग तो शूही ओढत नाही! शू सरळ पाण्यात जाते. त्याचं काम एकच, घट्ट शी बाहेर पडू न देणं. कमरेला आणि मांडीला घट्ट बसून तो ती धरून ठेवतो. "वॉटरप्रूफ" हा शब्द पाकिटावर वाचून आपल्याला वाटतं की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. तसं नसतं. पाणी आत जातं आणि बाहेर येतं, आणि पातळ शी त्याच पाण्याबरोबर बाहेर येते. सीडीसीचं म्हणणं असं आहे की जुलाबाचे जंतू पाण्यात मिसळायला स्विम डायपरमुळे फार तर काही मिनिटांचा उशीर होतो, मिसळणं थांबत नाही.

"पण क्लोरीन असतं ना पाण्यात?" असतं, आणि ते बरंच काम करतं. बहुतेक जंतू योग्य क्लोरीनमध्ये काही मिनिटांत मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, त्याच्याभोवती इतकं टणक कवच असतं की नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही तो ७ दिवसांहून जास्त जिवंत राहू शकतो. म्हणजे तुमची अख्खी क्रूझ संपेल, तो पुलातच. आणि तो पसरतो पाण्याचा घोट पोटात गेला की. दहा महिन्यांचं बाळ पाण्यात गेलं आणि घोट घेतला नाही, असं कुणी पाहिलंय का? अतिनील किरण या परजीवीला निकामी करतात, म्हणून बाळांच्या जागेला ती यंत्रणा लावतात.

पुलात अपघात झालाच तर काय होतं तेही ऐका. सीडीसीच्या पुलांसाठीच्या सर्वसाधारण सूचनांप्रमाणे, घट्ट शी असेल तर सगळ्यांना बाहेर काढून, ती उचलून, २ पीपीएम क्लोरीनमध्ये २५ मिनिटं पूल बंद. पातळ असेल तर क्लोरीन २० पीपीएमपर्यंत चढवून पावणेतेरा तास. सकाळी अकराला झालं तर पूल गेला मध्यरात्रीपर्यंत. जहाजावर उन्हाचे दिवस किती, तर चार-पाच. त्यातला एक दिवस अडीच-तीन हजार लोकांचा जातो.

आता मोह कुठे होतो, तर "वरून चड्डी घातली की कुणाला कळतंय, पाच मिनिटं बुडवून आणू" इथे. मला पालकांचा राग येत नाही, बाळ पाण्याकडे हात करून रडत असतं, पैसे भरलेले असतात. पण जहाज म्हणजे आपल्या सोसायटीचा पूल नाही, की त्रास झाला तर प्रत्येक जण आपापल्या घरी गेला. सात दिवस तीच माणसं, तीच लिफ्ट, तोच बुफे. पोट बिघडलं तर सगळ्यांत आधी अशक्त होतात ती बाळं आणि म्हातारी माणसं. ताईंच्या बरोबर तर दोन्ही आहेत. आणि जहाजावरची वैद्यकीय मंडळी पोटाच्या प्रत्येक आजाऱ्याची नोंद ठेवतात. प्रवासी किंवा कर्मचारी यांच्यातले २ टक्के आजारी झाले की जहाजाला सीडीसीला वेगळं कळवावं लागतं. ते लोक कडक वागतात ते उगाच नाही.

आता डायपर निवडू

समजा, जहाजावर बाळांची जागा आहे, किंवा नाही पण वाटेतल्या बेटावर समुद्रात जायचंय. डायपर तर लागणारच. एकदा वापरून फेकायचा की धुऊन वापरायचा? इथे आई-बाबांच्या ग्रुपवर पर्यावरण, खर्च, त्वचा अशा लढाया होतात. क्रूझपुरतं माझं मत वेगळ्याच गोष्टीवर ठरतं. जहाजावर कपडे धुवायची सोय आहे का? डिस्नी आणि कार्निव्हलच्या बहुतेक जहाजांवर प्रवाशांनी स्वतः धुवायची मशीन असतात. रॉयल कॅरिबियनवर नसतात, तिथे कपडे पिशवीत भरून द्यावे लागतात आणि आकार लावतात. शीनं भरलेला डायपर केबिनच्या तळहाताएवढ्या बेसिनमध्ये धुवायचा, त्याच बेसिनवर सगळ्यांनी दात घासायचे, हे मला तरी पटत नाही. त्यामुळे मशीन नसेल तर वापरून फेकायचे घ्या, डोळे मिटून. मशीन असेल आणि घरी कापडी डायपर वापरायची सवय असेल तर धुवायचे दोन-तीन आणि सोबतीला फेकायचं एक छोटं पाकीट.

फेकायच्या डायपरमध्ये अमेरिकेत हगीजचे लिटिल स्विमर्स आणि पँपर्सचे स्प्लॅशर्स सगळीकडे मिळतात. दोन्ही एकच काम करतात. फरक मापात आहे. माप वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. लिटिल स्विमर्सचं स्मॉल साधारण ७ ते १२ किलोसाठी आहे, म्हणजे १६ ते २६ पाउंड. साडेआठ किलोचं बाळ त्यात आरामात बसतं. "थोडा मोठा घेऊ, वाढतंय ना बाळ" हा झबल्याचा हिशेब इथे लावू नका. पाण्यात गेल्यावर सैल डायपर अजून सैल होतो, आणि मांडीजवळ फट राहिली की तो घातला काय न घातला काय. आणि दोन मापांच्या मधलं वजन असेल तर लहान घ्या, मांडीवर लाल वळ उठत नसेल तर.

पहिली चाचणी घरी करा. बाळाला घालून टबमध्ये किंवा बादलीत पाच मिनिटं बसवा, मग उभं धरा. पाणी निथळून गेलं पाहिजे आणि डायपर जागच्या जागी राहिला पाहिजे. लोंबला किंवा मांडीच्या कडेतून आत बोट सहज गेलं तर माप बदला. ही चाचणी गुडघ्यावर चालणाऱ्या बाळाची घेणं जास्त महत्त्वाचं, कारण ते पाण्यात एका जागी बसत नाही, सारखं वाकतं, पाय फाकवतं, आणि फट पडते ती तेव्हाच.

धुवायच्या डायपरमध्ये एक गोष्ट बघायची: बाजूनं उघडतो का? बटणं किंवा वेल्क्रो असलेला बाजूनं सुटतो. चड्डीसारखा ओढून काढायचा असेल तर शी पायांवरून खाली घोट्यापर्यंत येते, आणि हे सगळं हलत्या जहाजात, एका हातानं बाळ धरून करायचंय. फेकायचे डायपर बाजूनं फाडता येतात, तो त्यांचा मोठाच फायदा. ब्रिटनमधल्या श्रोत्यांना दुहेरी पद्धत माहीत असेल, आतला एक आणि त्यावर निओप्रीनची घट्ट चड्डी. तिथले बरेच पूल तसाच आग्रह धरतात. घट्ट शी धरून ठेवायला एकापेक्षा दोन थर चांगले, यात वादच नाही, आणि समुद्राच्या लाटेत तर नक्कीच. फक्त निओप्रीन लवकर वाळत नाही. सकाळची चड्डी दुपारीही ओलीच असते. आणि आतला म्हणजे आतला स्विम डायपर, रोजचा नव्हे. "आत रोजचा घातला तर शूही थांबेल" ही आयडिया पुष्कळांना सुचते. आतला फुगतो, वरची चड्डी ताणली जाते, आणि दोन्ही निकामी होतात.

आज्यांचा एक प्रश्न हमखास असतो, "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? लंगोट बांधा की." आजी, घरी लंगोट उत्तमच. पण पाण्यात लंगोट सुटतो, आणि नाही सुटला तरी मांडीजवळ त्याला आवळ नसते.

घालायची वेळ हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. स्विम डायपर शू धरत नाही हे एकदा डोक्यात बसलं की आपोआप कळतं: केबिनमध्ये घालून निघायचं नाही. केबिन सातव्या डेकवर, पाणी पंधराव्या डेकवर, मध्ये लिफ्टची रांग. तेवढ्यात शू झाली तर ती कडेवर घेणाऱ्याच्या साडीवर, बाबागाडीत आणि लिफ्टच्या गालिच्यावर. वरपर्यंत रोजचा डायपर, तिथल्या बदलायच्या जागी स्विम डायपर, आणि पाण्यातून आलं की लगेच पुन्हा रोजचा.

पाण्यात असताना दर तासाला बघायचं. वरून थोपटून नाही, बाजूला नेऊन, कड ओढून आत बघून. शी दिसली तर बदलायच्या खोलीत, आरामखुर्चीवर नाही. नंतर बाळाचे आणि आपले हात साबणानं. सॅनिटायझरची बाटली जहाजावर प्रत्येक दारात असते, पण जहाजांवर गाजणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. डायपर आणि वाइप्स कचऱ्याच्या डब्यातच, कारण जहाजाचं टॉयलेट हवेच्या ओढीवर चालतं. एक वाइप अडकला की शेजारच्या चार केबिन तुमच्या नावानं शंख करतात.

जुलाब होत असतील तर पाणी बंद, बाळांची जागासुद्धा बंद. तपासणीत क्रिप्टो निघाला असेल तर जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे पुलात जाऊ नये, असं सीडीसी सांगते. दात येतायत म्हणून होतंय, असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. म्हणू दे. जहाजावर असाल तर वैद्यकीय केंद्रात कळवा, लपवू नका.

आणि जागा नसेलच तर?

तर बाळाचं पाणी बंदरावर. बर्म्युडाच्या किंवा बहामाजच्या किनाऱ्यावर, समुद्रात जहाजाच्या पुलाचा नियम नाही. स्विम डायपर मात्र तिथेही घालाच, शेजारी दुसऱ्याचं बाळ खेळत असतं. वाळू आत जाते आणि मांडीच्या घडीत घासते, म्हणून पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा. खाऱ्या ओल्या डायपरमध्ये जेवण, झोप असं करू नका. पुरळ अर्ध्या दिवसात उठतं. कंपन्यांच्या खासगी बेटांवर पूल असतात, त्यांचा नियम पुन्हा वेगळा विचारायचा.

जहाजावरच्या दिवसांसाठी शॉवरच्या तळाशी ठेवायचा घडीचा टब न्या. बहुतेक केबिनमध्ये बाथटब नसतो. हातात धरायचा शॉवर, दोन प्लास्टिकचे पेले आणि कोमट पाणी. बाळाला एवढंच हवं असतं, पूल आपल्याला हवा असतो! व्हर्लपूलचा विचारही नको. नियमानं नाही म्हणूनच नव्हे, तर ते पाणी इतकं गरम असतं की बाळाचं अंग तापतं. आणि जिथे कुठे पाण्यात न्याल तिथे हाताच्या अंतरावर राहा. स्विम डायपर बाळाला तरंगवत नाही.

किती न्यायचे? ७ रात्रींत पाण्याचे दिवस धरा पाच. दिवसाला एक वेळ पाणी, त्यात दोन डायपर, म्हणजे दहा, आणि वर चार-पाच जास्तीचे. जहाजावरच्या दुकानात असतीलच, त्यातही आपलं माप असेलच, असं धरू नका. आणि हे सगळं मोठ्या बॅगेत भरू नका. मोठ्या बॅगा बंदरावर हमाल घेतात आणि त्या केबिनच्या दारात येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. आपण दुपारी बारा-एकलाच जहाजावर चढलेलो असतो आणि पाणी चालू असतं. तीन स्विम डायपर, एक टॉवेल, ओल्या कपड्यांची पिशवी आणि बाळाचा कोरडा जोड हातातल्या बॅगेत ठेवा.

ताई, जहाजाचं नाव कळवा, आणि कंपनीचं उत्तर काय आलं तेही. पुढच्या भागात जहाजावरच्या बुफेत वर्षाच्या आतल्या बाळाला काय भरवायचं, आणि मऊ भात मागायचा कसा, त्यावर बोलू.